पावणेतीन इंचांचा हेटकरी

दिवाळीच्या किल्ल्यावर उभ्या असलेल्या मावळ्याचा वेष कोणी ठरवला, या एका प्रश्नाभोवती हा धागा आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा. उत्तरार्धात माप, माती आणि रंग यांचा तपशील दिला आहे. ज्यांना स्वतः प्रतिमा घडवायची आहे, त्यांनी तो भाग जपून ठेवावा.

बाजारातून आणलेले दहा मावळे एका ओळीत मांडून पाहा. दहांचीही मुंडाशी एकाच रंगाची. अंगरखा गुडघ्यापर्यंत, त्याखाली घोट्यापर्यंत घट्ट सुरवार, पायांत टोकदार जोडे. चेहरा गुलाबीसर, डोळे विस्फारलेले, मिशा सर्वांच्या सारख्या. हातात उपसलेली तलवार, नाहीतर छातीशी चिकटलेला भाला. आपल्यापैकी पुष्कळांनी सतराव्या शतकातील सैनिक प्रथम पाहिला तो या रूपात. पुढे आपण बखरी वाचतो, पत्रे वाचतो, गड हिंडतो. मनातला शिपाई मात्र बदलत नाही. मालिका आणि चित्रपट यांतही अनेकदा हाच शिपाई पूर्णाकृती होऊन वावरतो.

लेख लिहिणाऱ्याला एक सोय असते. 'पायदळ पुढे सरकले' असे त्याने लिहिले की त्या पायांत काय होते, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. प्रतिमा घडवणाऱ्याला ही सोय नाही. पाय उघडे की झाकलेले, मुंडासे कोणत्या रंगाचे, ढाल पाठीवर की हातात, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावेच लागते. त्याने दिलेला रंगाचा प्रत्येक हात हे एक ऐतिहासिक विधान असते, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे त्यालाही पुरावा मागता येतो.

आता स्थळाविषयी. पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्यानंतर निडी हे लहान स्थानक लागते. याच मार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत आणि खुद्द पेण शहर हा गणेशमूर्तींचा मुलूख. माती, साचा आणि कुंचला यांवर हुकमत असलेली माणसे या टापूत घरोघरी भेटतात. निडीच्या बाजूस आले की मेढे गावाजवळ अवचितगड, खांबजवळ सुरगड, पलीकडे घोसाळगड. एका टोकाला मूर्ती घडवण्याची विद्या, दुसऱ्या टोकाला गड, आणि मध्ये जेमतेम तासाभराचा रेल्वेप्रवास. असे असूनही आमच्याकडची मुले दिवाळीत किल्ला करतात तो रायगड, प्रतापगड किंवा सिंहगड. अवचितगड करावा असे फारसे कोणाला सुचत नाही.

समजा, आपण अवचितगड केला. त्यावर मावळा ठेवावा का?

प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची, पुण्याच्या बाजूची खोरी. तेथला शिपाई तो मावळा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि उत्तर कोकणात स्वराज्याचा पाय रोवला. त्यानंतर त्यांच्या पायदळात घाटाखालची माणसेही मोठ्या प्रमाणावर आली. या कोकणी पायदळाला ग्रँट डफ 'हेटकरी' म्हणतो. काहींच्या मते हा शब्द काटेकोरपणे दक्षिण कोकणातल्या माणसापुरता आहे. डफने मात्र तो कोकणच्या पायदळाचे सरसकट नाव म्हणून वापरला आहे. या धाग्यात मीही तो त्याच व्यापक अर्थाने वापरतो. मावळ्याचे नाव आज प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. हेटकऱ्याचे नाव रोहे-पेणच्या मुलांनाही अपरिचित आहे, आणि खेळण्यांच्या बाजारात तर त्याचा साचाच नाही.

डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिवकालीन पायदळाचे जे वर्णन आहे, ते प्रतिमा घडवणाऱ्याच्या दृष्टीने अतिशय मोलाचे आहे. त्याचा आशय असा: पायदळाला गणवेश नव्हता, पण वेष साधारण सारखा असे. अर्ध्या मांडीपर्यंत येणारा आखूड चोळणा, कमरेला घट्ट आवळलेला लांब अरुंद पट्टा, डोक्याला मुंडासे, आणि कधी कधी अंगात सुती बंडी. बहुतेकांच्या कमरेभोवती आणखी एक वस्त्र असे. तेच प्रसंगी शालीसारखे पांघरता येई. शस्त्रे म्हणजे तलवार, ढाल आणि तोड्याची बंदूक. दारूगोळा सरकारातून मिळे. हत्यारे ज्याची त्याने आणायची.

याच वर्णनात दोन तपशील असे आहेत की ते वाचल्यावर बाजारातले दहा मावळे पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाहीत. पहिला: दर दहा शिपायांत एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे. रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा आवाज आणि ठिणगी घात करते. धनुष्य मुकाट काम करते. दुसरा: मावळे हातघाईच्या तलवारबाजीत अजोड, तर हेटकरी नेमबाजीत. कडा चढून जाण्यात दोघेही सारखेच तरबेज.

घोट्यापर्यंतची सुरवार गेली. गुडघ्यापर्यंतचा अंगरखाही गेला. उरला तो उघड्या पायांचा, कमर कसलेला, बंदूक पेलणारा माणूस.

येथे एक शंका रास्त आहे. डफ लिहितो १८२६ साली, आणि वर्णन करतो दीडशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचे. त्याच्यावर किती विसंबावे? त्याच्या ग्रंथावर मराठी अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच कठोर टीका सुरू केली. नीळकंठ जनार्दन कीर्तने हे त्यांतले अग्रणी. ती टीका मुख्यतः त्याची साधने, त्याचे निष्कर्ष आणि त्याची दृष्टी यांवर होती, आणि तिच्यात पुष्कळ तथ्य आहे. पण वेषाच्या बाबतीत माझे मत थोडे निराळे आहे. डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास राजकीय अधिकारी होता. जुन्या फौजांतले शिपाई त्याच्या डोळ्यांसमोर वावरत होते. दरबारी वस्त्रांत पिढीगणिक फेरफार होतात. डोंगरात राबणाऱ्या माणसाच्या चोळण्यात फारसे होत नाहीत. शिवाय हे वर्णन खोटे रचण्यात कोणाचा स्वार्थ असावा, असे दिसत नाही. म्हणून चोळणा, कमरपट्टा आणि मुंडासे मी स्वीकारतो. सावंतवाडीकडचे काही हेटकरी चकमकीच्या चापाची बंदूक वापरत, आणि ती विद्या पोर्तुगीजांकडून लवकर आली, असेही डफ सांगतो. तो तपशील त्याने ज्या प्रदेशापुरता दिला आहे, तेथेच राहू द्यावा. रोह्याच्या शिपायाच्या हाती जामगीची बंदूकच शोभेल.

समकालीन चित्रे पाहावीत, असे कोणी म्हणेल. जरूर पाहावीत. महाराजांचे अश्वारूढ चित्र मीर मुहम्मद या चित्रकाराने मनुचीसाठी काढले. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराजांसोबत पायी चालणारी सशस्त्र माणसे आहेत. गोवळकोंड्याच्या शैलीतली, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली महाराजांची चित्रे ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. महाराजांची प्रतिमा करणाऱ्याने या चित्रांपासूनच आरंभ करावा: निमुळता चेहरा, धारदार नाक, टोकदार दाढी. पण ही चित्रे राजपुरुषाची आहेत. त्यांतले पायदळ हा स्वारीचा लवाजमा आहे, आणि तो दरबारी चित्रांच्या ठरलेल्या चौकटीत रंगवला आहे. अवचितगडाच्या तटावर रात्र जागवणाऱ्या माणसाचे चित्र काढायला कोणी चित्रकार बसला नव्हता. बाजारातल्या मावळ्याची मुख्य गफलत येथेच आहे, असे मला वाटते. त्याच्या अंगावर सरदाराचे कपडे आहेत.

दुसरी गफलत सारखेपणाची. तिचे मूळ मराठी नाही.

१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणी बनवणाऱ्या घराण्याने शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा. बाहेरचा थर गोठला की आतला उरलेला धातू परत ओतून घ्यायचा. शिपाई पोकळ, म्हणून हलका आणि स्वस्त. त्यांचे ५४ मिलिमीटरांचे माप पुढे जगभर प्रमाण मानले गेले. या शिपायांत इंग्रजांच्या हिंदी पलटणीही होत्या; बॉम्बे लान्सर्स त्यांतलीच. एका खोक्यातले सर्व शिपाई एकाच रंगाचे, आणि ते योग्यच होते. त्या पलटणींना गणवेश होता, गणवेशाचे लेखी नियम होते, कॉलरचा आणि बाह्यांच्या काठाचा रंगदेखील कागदावर ठरलेला होता. रंगवणाऱ्याने नियम वाचावा आणि कुंचला चालवावा. प्रतिमा रंगवण्याचा आजचा आंतरराष्ट्रीय छंद याच परंपरेतून वाढला. हीच पद्धत जशीच्या तशी मावळ्याला लावली की ज्यांना गणवेश नव्हता, त्यांना आपण गणवेश चढवतो.

मराठी फौजेत गणवेश आला तो महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंबरोबर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. १८०३ च्या असईच्या लढाईत वेलस्लीसमोर उभ्या राहिलेल्या पलटणी त्याच जातीच्या. परदेशी कंपन्या 'मराठा' म्हणून जे धातूचे वा प्लास्टिकचे संच विकतात, त्यांत बहुधा हेच शिपाई असतात. ते चांगले घडवलेले असतात, यात वाद नाही. पण त्यांना घेऊन कोणी प्रतापगडचा रणसंग्राम मांडला, तर १६५९ आणि १८०३ यांमधली जवळजवळ दीडशे वर्षे तो खिशात घालतो.

तिसरी गोष्ट गफलत नव्हे, साच्याची मर्यादा आहे. प्लास्टरचा दोन भागांचा साचा असेल, तर मूर्तीचा कोणताही अवयव साच्यात अडकून चालत नाही. अडकला की साचा उघडताना तो तुटतो. म्हणून स्वस्त प्रतिमेचे हात अंगाला चिकटलेले, ढाल छातीवर, भाला शरीराशी समांतर. रबरी साचा आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, कारण रबर ताणून मूर्ती मोकळी करता येते. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या बोटांमधली पोकळी सफाईने निघते ती त्यामुळे. मावळ्यांचे साचे मात्र अजून जुन्याच घडणीचे. बंदूक रोखून एक डोळा मिटलेला शिपाई दोन भागांच्या साच्यातून काढणे कठीण. तलवार उंचावलेला काढणे सोपे. हेटकरी बाजारात नसण्याचे एक कारण इतके साधे असू शकते.

मूर्तिकारांच्या घरातून इतिहासाकडे जाणारी वाट या जिल्ह्याला नवी नाही. अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडवण्याची परंपरा. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले महाराजांचे चित्र पाहून तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कला शाळेत धाडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच; तो १९२८ साली उभा राहिला. त्याचे ओतकाम मुंबईत माझगावला झाले आणि तो रेल्वेने पुण्याला नेला गेला. सासवण्याचे त्यांचे घर आज संग्रहालय आहे. निडीहून ते एका दिवसात पाहून परत येता येते. तेथे देवांपेक्षा आसपासची साधी माणसेच लक्ष वेधून घेतात, आणि माणूस घडवण्याचे धडे त्यांच्याकडूनच घ्यावेत.

मुंबईच्या भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही पाहावे. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले. निरनिराळ्या समाजांची आणि व्यवसायांची माणसे दाखवणाऱ्या लहान मातीच्या प्रतिमा तेथे कपाटांतून मांडल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची मोठी भर पडली. कारागिरी अप्रतिम. पण प्रत्येक प्रतिमा एका जातीचा किंवा एका धंद्याचा 'नमुना' म्हणून उभी आहे, व्यक्ती म्हणून नव्हे. राज्यकर्त्यांना प्रजा वर्गवारीत हवी होती, तशी ती कपाटात लागली. आपला मावळाही असाच नमुना झाला आहे. फरक एवढाच की तो आपणच केला.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. या वर्षी निडीच्या घरी मी अवचितगडासाठी हेटकरी केले, त्याची रीत सांगतो.

माप आधी ठरवावे. एक फूट म्हणजे अर्धा इंच, हे प्रमाण हिशेबाला सर्वांत सोपे. साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो. तीन फुटांची तलवार दीड इंचाची, दीड फुटाची ढाल पाऊण इंचाची. पाच फुटांची बंदूक अडीच इंचांची, म्हणजे जवळजवळ शिपायाच्या उंचीची. हे प्रमाण पाहून प्रथम धक्का बसतो, कारण खेळण्यांत बंदूक कंबरेइतकीच असते. नळीसाठी सव्वा मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. सायकलची आरी हाताशी असते, पण ती या मापाला जाड पडते. नळी बंदुकीची न राहता जंबुरक्याची वाटू लागते.

माती शाडूची. लहान प्रतिमेत शाडू तडकतो, विशेषतः आत तारेचा सांगाडा असेल तर. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही. म्हणून तारेवर सुताचा विळखा द्यावा आणि मातीत भिजवून कुटलेल्या कागदाचा थोडा लगदा मिसळावा. आधी उघडा माणूस घडवावा, मग त्याला कपडे चढवावेत. उघड्या पायांच्या शिपायात पोटरी आणि गुडघा लपवायला जागा नसते. चढणीच्या मुलखातला माणूस आहे; पोटरी घट्ट हवी, मांडी सडपातळ. मुंडाशासाठी जुन्या मलमलीची अरुंद पट्टी शाडूच्या पातळ पाण्यात बुडवून डोक्याला प्रत्यक्ष गुंडाळावी. कोरणीने कोरलेल्या घड्यांपेक्षा या घड्या खऱ्या दिसतात, कारण त्या खऱ्या असतात. सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्यावे. उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा.

सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून, खडूची पूड आणि डिंकाचे पाणी यांचा पातळ हात द्यावा. कच्ची माती रंग शोषते. हा हात तिला आवर घालतो.

रंगांत मला सर्वाधिक रस आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. त्यापूर्वीचे कापड रंगत होते ते नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, लाख, कुसुंबा, हिरडा यांनी. हे रंग दुकानातल्या बाटलीतल्या रंगांहून मवाळ, आणि धुवून धुवून आणखी विटलेले. शिपायाच्या अंगावर बहुतेक कापड कोरे, न रंगवलेले. त्याची छटा दुधी पिवळसर, पांढरीशुभ्र कधीच नाही. पांढऱ्या रंगात गेरूचा आणि काळ्याचा अगदी कण मिसळला की ती साधते. मुंडाशांना मात्र रंग असू द्यावा, पण दहा जणांना दहा: एकाचे विटक्या निळीचे, एकाचे आलाच्या तांबड्याचे, एकाचे कोरेच. गर्द गुलाबी मुंडासे पाहून लोक हसतात, ते विनाकारण. कुसुंब्याचा गुलाबी हा जुन्या महाराष्ट्रातला खरा रंग आहे, फक्त तो उन्हात लवकर उडतो. दहांत एक गुलाबी मुंडासे मी मुद्दाम ठेवले आणि त्याचा वरचा भाग फिका केला. चमचमता जांभळा आणि रेडियमसारखा पोपटी मात्र टाळावा. तो सतराव्या शतकात कोणालाच मिळाला नसता.

वर्ण. गणपतीला देतात तो गुलाबीसर बॉडी कलर शिपायाला देऊ नये. उन्हात राबणाऱ्या कोकणी माणसाची त्वचा तपकिरी. खांदे आणि नाकाचा शेंडा किंचित अधिक गडद, मुंडाशाखालची कपाळाची कड किंचित फिकी. धूळ पायांना द्यावी. गुडघ्याखाली तांबूस मातीचा पातळ हात दिला, की माणूस जमिनीवर उभा आहे असे वाटू लागते.

डोळ्यांची आखणी हा पेणच्या मूर्तिकलेचा प्राण. तिथे ती सर्वांत सधलेल्या हाताकडे असते, आणि डोळे उघडले की मूर्ती पाहू लागते. देवाचे डोळे विशाल असायचेच; भक्ताला त्यांच्या दृष्टीत यायचे असते. हीच आखणी शिपायाला लावली की तो घाबरलेला दिसतो. पावणेतीन इंचांच्या माणसाचा डोळा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. भर उन्हात तटावर उभा असलेला माणूस डोळे बारीक करतो. म्हणून पांढरे बुबुळ रंगवायचे नाही. भुवईखाली गडद तपकिरी रंगाची एक रेघ, बस. नेम धरणाऱ्याचा तर एक डोळा मिटलेलाच. जामगीचे टोक तेवढे लाल, त्यामागे राखेचा करडा ठिपका.

जमिनीचा रंग ऋतूवर ठरतो. पावसाळ्यात फौजा छावणीत, दसऱ्यानंतर मोहिमेला, हा सभासदाने सांगितलेला क्रम. दिवाळीच्या सुमारास कोकणातल्या डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते. अळीव पेरून केलेला किल्ला आषाढातला हिरवागार दिसतो. तो दिसतो सुंदर, आणि मुलांना तो अंकुरताना पाहण्याचा आनंद मिळतो, म्हणून त्याविरुद्ध मी काही बोलत नाही.

किल्ल्यावर माणसे किती आणि कोणती, याला सभासदाची बखर उपयोगी. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. तिच्यानुसार गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत या तिघांकडे असे, आणि तिघे एका योग्यतेचे. सबनीसाच्या हाती तलवार नाही, हिशेबाचा कागद. दप्तर मांडीवर घेऊन बसलेला माणूस दिवाळीच्या किल्ल्यावर मी अद्याप पाहिलेला नाही; माझ्या अवचितगडावर तो दरवाज्याच्या आत, सावलीत बसवला आहे. तटावर दहा हेटकरी: नऊ बंदुका, एक धनुष्य. धनुष्यवाला अंधाऱ्या बाजूला, कड्याच्या तोंडाशी.

घोडदळ मांडायचे असेल, तर सभासदाचा आणखी एक हिशेब हाताशी ठेवावा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. बारगिराला घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारे त्याची स्वतःची. म्हणून बारगिरांच्या खोगिरांत थोडे साम्य दाखवले तर चालेल, शिलेदारांच्या खोगिरांत नको. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पंचवीस घोडेस्वार मुलांच्या खिशाला परवडत नाहीत. दोन घोडे, एक पखालजी आणि एक नालबंद परवडतात. पखालजीच्या पाठीवरची पखाल चामड्याच्या रंगाची, पण तळाशी ओली म्हणून गडद करावी. नालबंद उकिडवा बसलेला, घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेतलेला. या मापात नाल पाच मिलिमीटरांची होते. तांब्याची बारीक तार खिळ्याभोवती वाकवून ती करता येते. वर काळा हात द्यावा, आणि झिजलेल्या कडेवर थोडे तांबे उघडे दिसू लागले तर तेवढ्यावर पुन्हा काळा फिरवावा, कारण नाल लोखंडाची होती.

प्रतिमांची छायाचित्रे आणि मापांचा तक्ता पुढच्या धाग्यात देतो. तोवर कोणी सुरगड किंवा घोसाळगड करत असेल, तर त्यावर कोण उभे केले आहे ते खाली जरूर लिहावे.